उतारा : दारू थांबल्यावर मेंदूत काय होतं, हे कळायला लागलेली पावणेदोनशे वर्षं

श्रावण लागला की तिसऱ्या-चौथ्या दिवशी काही घरांतून डॉक्टरकडे धावपळ सुरू होते. वर्षभर रोज संध्याकाळी घेणारा माणूस गटारीला पोटभर पितो आणि दुसऱ्या दिवसापासून बंद करतो. घरचे देवाचे आभार मानतात. त्या रात्री त्याला झोप लागत नाही. सकाळी हातात कपबशी धरवत नाही, घामानं बनियन भिजतो. कुणाला दुसऱ्या दिवशी आकडी येते. तिसऱ्या रात्री कुणी अंगावरच्या मुंग्या झटकायला लागतो आणि तिथे एकही मुंगी नसते. तो बायकोला ओळखत नाही, दाराबाहेर पोलीस उभे आहेत म्हणतो. घरच्यांना वाटतं, बाहेरची बाधा झाली.

हाडांच्या वॉर्डात हेच चित्र श्रावणाशिवायही दिसतं. पडून मांडीचं हाड मोडलेलं, ऑपरेशन उत्तम झालेलं, आणि तिसऱ्या रात्री पेशंट सलाईनची नळी उपटून पलंगावरून उतरू पाहतो. ‘भूल चढली’ असा निष्कर्ष नातेवाईक काढतात. पेशंट रोज क्वार्टर घेतो, हे भरती करताना लाजेपोटी कुणी सांगितलेलं नसतं.

दोन्हीकडे प्रश्न एकच येतो : ‘डॉक्टर, दारू तर बंद आहे. मग हे कशामुळे?’

हा प्रश्न बावळटपणाचा अजिबात नाही. चांगले शिकलेले, नावाजलेले डॉक्टर यावर पिढ्यान्‌पिढ्या अडून बसले होते. गंमत म्हणजे, उत्तराचा निम्मा भाग पिणाऱ्यांना केव्हापासून ठाऊक होता. आपल्याकडे त्याला शब्दही आहे : उतारा. सकाळी हात थरथरायला लागले की थोडी घ्यायची, हात स्थिर होतात. थोडक्यात, त्रास दारू अंगातून उतरत असल्याचा आहे, चढलेल्या दारूचा नाही. गुत्त्यावरचं हे ज्ञान वैद्यकानं मान्य करायला १९५५ साल उजाडलं, आणि मेंदूत नेमकं काय घडतं हे कळायला १९८० चं दशक संपावं लागलं. ही गोष्ट सांगण्यासारखी आहे, कारण ती माहीत नसल्यामुळे आजही माणसं दगावतात.

सुरुवात इंग्लंडमध्ये, केंट परगण्यात. किनाऱ्यावर चोरट्या मार्गानं येणारी दारू तिथे स्वस्त आणि मुबलक होती. तिथे काम केलेल्या टॉमस सटन या डॉक्टरानं १८१३ मध्ये एका आजारावर पुस्तिका लिहिली. हात-जीभ थरथरते, झोप नाही, भास होतात, माणूस बडबडतो, आणि बरेच जण मरतात. त्या काळी अशा पेशंटला मेंदूची सूज आली आहे असं समजत आणि सुजेवरचा ठरलेला उपचार करत : शीर कापून रक्त काढायचं. सटनच्या लक्षात आलं की रक्त काढलेले पेशंट खालावतात आणि अफू देऊन झोपवलेले सुधारतात. म्हणजे ही सूज नव्हे, वेगळाच आजार आहे. त्यानं लॅटिनमध्ये नाव दिलं, डिलिरियम ट्रेमेन्स, म्हणजे थरथरीसह येणारा भ्रम. डॉक्टर आजही हेच नाव वापरतात आणि लघुरूपात ‘डीटी’ म्हणतात.

निदान नंतर चुकलं असेल-नसेल, पण कशानं पेशंट वाचतो हे सटननं डोळसपणे पाहिलं. वैद्यकात असं पाहणं दुर्मिळ होतं. सहा वर्षांनी फ्रान्समध्ये पिएर रेये यानं या आजाराचा दारूशी असलेला संबंध स्पष्ट मांडला. १८४९ मध्ये स्वीडनच्या माग्नुस हूस यानं ‘अल्कोहोलिझम’ हा शब्द घडवला आणि दारूचे शरीरावर होणारे परिणाम एकत्र नोंदवले.

पण दारूशी संबंध आहे म्हणजे कोणता? इथे सगळे अडकले. सरळ तर्क असा की दारू हे विष आहे, ते साठत जातं आणि एक दिवस मेंदू बिघडवतं. काही डॉक्टरांना दिसत होतं की पेशंट तुरुंगात किंवा इस्पितळात गेल्यावर, दारू तुटल्यावर, हे सुरू होतं. त्यावर उत्तर तयार असे : तो न्यूमोनियानं किंवा अपघातानं भरती झाला होता, भ्रम त्या आजाराचा. शिवाय दारूबंदीच्या चळवळी जोरात असताना ‘अचानक सोडणं धोक्याचं आहे’ म्हणणं म्हणजे पिणाऱ्याच्या हाती सबब देण्यासारखं वाटे. नीतीचा प्रश्न एकदा मध्ये आला की डोळ्यांसमोरचंही दिसेनासं होतं. आपल्या घरांत ‘मनाचा निश्चय असेल तर एका दिवसात सुटते’ हे वाक्य ऐकताना मला त्या काळच्या डॉक्टरांची आठवण होते.

त्यात आणखी एका खऱ्या शोधानं गोंधळ वाढवला. १८८१ मध्ये कार्ल वेर्निके यानं मेंदूच्या एका आजाराचं वर्णन केलं : डोळ्यांची हालचाल बिघडते, तोल जातो, माणूस गोंधळतो. त्याचे तीन पेशंट होते. दोघे पिणारे पुरुष. तिसरी एक तरुण शिवणकाम करणारी बाई. तिनं गंधकाचं आम्ल प्यायलं होतं, त्यानं जठर जळलं आणि खाल्लेलं काही टिकेना. दारूचा तिच्याशी संबंध नव्हता. पुढे कळलं की या आजाराचं मूळ थायमिनच्या, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाच्या अभावात आहे. हे जीवनसत्त्व १९३६ मध्ये प्रयोगशाळेत तयार करणारे रॉबर्ट विल्यम्स यांचा जन्म आपल्या नेल्लोरचा, मिशनरी आईबापांच्या पोटी झालेला. रोज पिणारा माणूस जेवत कमी, त्यात दारू थायमिन शोषू देत नाही. तेव्हा डॉक्टरांनी ओळ पुढे ओढली : हा आजार जीवनसत्त्वाच्या अभावाचा असेल, तर थरथर, आकडी आणि भ्रमही त्याचेच असणार. जीवनसत्त्वांचा तेव्हा बोलबाला होता, प्रत्येक कुलपाला तीच किल्ली लावून पाहिली जात होती.

१९५३ मध्ये बॉस्टनच्या सिटी हॉस्पिटलमधल्या मॉरिस व्हिक्टर आणि रेमंड अ‍ॅडम्स यांनी वेगळं काही केलं नाही, फक्त नीट मोजलं. दारूच्या त्रासानं ओळीनं भरती झालेले २६६ पेशंट त्यांनी पाहिले आणि प्रत्येकाच्या बाबतीत विचारलं : शेवटचा घोट केव्हा घेतला होता? त्यातून जे वेळापत्रक निघालं ते आजही आम्ही वापरतो. शेवटच्या घोटानंतर साधारण ६ ते ८ तासांत थरथर, घाम, मळमळ, धडधड. आकडी येणार असेल तर बहुतेक वेळा पहिल्या ४८ तासांत. आणि डीटी ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या दिवशी. श्रावणातल्या त्या माणसाची तिसरी रात्र आणि हाडांच्या वॉर्डातली तिसरी रात्र इथे एका रेषेत येतात. ऑपरेशनच्या आदल्या दिवसापासून दारू बंद असते.

तरी शंका घेणारे म्हणू शकत होते की या पेशंटांची अन्नान्न दशा आधीच झालेली आहे, भूक आणि दारू वेगळी कशी करणार?

ते वेगळं करणारा प्रयोग अमेरिकेत केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टन इथे झाला. तिथे सरकारचं एक अर्धं तुरुंग, अर्धं इस्पितळ होतं. त्यातल्या संशोधन केंद्राचे प्रमुख हॅरिस इस्बेल. त्यांनी मॉर्फिनचं व्यसन असलेले दहा कैदी घेतले, तब्येतीनं धडधाकट. त्यांना उत्तम जेवण आणि जीवनसत्त्वं देत दिवसरात्र ठरावीक अंतरानं दारू पाजली. चार जण लवकर बाहेर पडले. सहा जण ४८ ते ८७ दिवस पीत राहिले. मग एका दिवशी दारू एकदम बंद. सहाही जणांना थरथर, घाम, उलट्या झाल्या. दोघांना आकडी आली. तिघे भ्रमात गेले. पोट भरलेलं होतं, जीवनसत्त्वं मिळत होती, ताप नव्हता, हाड मोडलेलं नव्हतं. बदललेली गोष्ट एकच होती : दारू थांबली होती.

१९५५ मध्ये हा लेख छापून आला आणि वाद मिटला. पण हा प्रयोग आज कोणतीही नैतिक समिती मान्य करणार नाही. कैद्याची संमती ही मोकळी संमती नसते. याच केंद्रात इतर प्रयोगांत भाग घेणाऱ्या कैद्यांना मोबदला म्हणून मादक पदार्थ दिले जात, हे १९७० च्या दशकात अमेरिकी सिनेटसमोर उघड झालं. आज वॉर्डात वाचणारा प्रत्येक पेशंट थोडाफार त्या दहा जणांचा ऋणी आहे, आणि त्यांच्याशी वागणं बरोबर नव्हतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

आता मेंदूकडे येऊ. दारू चेतापेशींना करते तरी काय?

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जर्मनीत हान्स मायर आणि स्वित्झर्लंडमध्ये चार्ल्स ओव्हरटन यांना एक नियम सापडला. भूल देणारा पदार्थ तेलात जितका विरघळतो, तितका तो प्रभावी. पेशींचं आवरण चरबीचं असतं. तेव्हा निष्कर्ष निघाला की भुलीची औषधं, आणि दारूही, त्या आवरणात मुरतात आणि पेशी सुस्तावते. तेल-पाण्याचा हा हिशोब इतका सुबक होता की पाऊणशे वर्षं त्याला धक्का लागला नाही. त्याला तडा गेला १९८४ मध्ये, काजव्यामुळे. काजवा ज्या प्रथिनाच्या साहाय्यानं उजेड पाडतो, त्यात चरबी अजिबात नसते. लंडनमधल्या निकोलस फ्रँक्स आणि विल्यम लीब यांनी दाखवलं की भुलीची औषधं हे प्रथिनही मंदावतात, आणि तेही मायर-ओव्हरटनच्याच प्रमाणात. म्हणजे हे पदार्थ थेट प्रथिनांना जाऊन चिकटू शकतात. मग मेंदूतलं कोणतं प्रथिन?

त्याचा माग तोवर दुसऱ्याच वाटेनं लागत आला होता. १९५० मध्ये अमेरिकेत युजीन रॉबर्ट्स यांना उंदराच्या मेंदूत एक साधं अमिनो आम्ल भरपूर प्रमाणात सापडलं. त्याला आपण गाबा म्हणू. शरीरात इतरत्र ते जवळपास नाही, मग मेंदूत इतकं कशाला? १९५७ मध्ये माँट्रियलमध्ये गुरांच्या मेंदूंतून काढलेला, चेतापेशींना गप्प करणारा एक घटक म्हणजे गाबाच, हे सिद्ध झालं. १९६६ मध्ये हार्वर्डच्या मंडळींनी शेवंडीच्या चेतापेशींवर दाखवलं की शांत करणारी पेशीच हा पदार्थ सोडते. शेवंड निवडण्यामागे कारण होतं : तिच्या चेतापेशी इतक्या मोठ्या की एकेक सुटी करता येते.

गाबाचं काम असं. चेतापेशीच्या आवरणावर बारीक दारं असतात. गाबा येऊन चिकटला की दार उघडतं, क्लोराइडचे ऋणभारित कण आत शिरतात आणि पेशीची उत्तेजित होण्याची तयारी कमी होते. पेशी गप्प बसते. याच्या उलट काम ग्लुटामेट करतो, तो पेशीला जागं करतो. मेंदूतला जवळपास प्रत्येक विचार, हालचाल, श्वास या दोघांच्या ओढाताणीत घडत असतो.

शाळेच्या मैदानावरची रस्सीखेच आठवा. एका बाजूला गाबाचा संघ, दुसऱ्या बाजूला ग्लुटामेटचा. दोर मधोमध स्थिर.

या चित्रात दारू कुठे बसते, हे कळायच्या आधी औषध सापडलं, तेही अपघातानं. न्यू जर्सीतल्या रोश कंपनीत लिओ स्टर्नबाख नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांनी १९५५ च्या सुमारास काही संयुगं केली, ती निकामी निघाली, आणि काम दुसरीकडे वळवण्यात आलं. १९५७ मध्ये टेबल आवरताना एक बाटली राहिलेली दिसली. टाकून देण्याआधी एकदा तपासू म्हणून ती पुढे पाठवली. ते होतं क्लोरडायझेपॉक्साइड. १९६० मध्ये ते लिब्रियम नावानं बाजारात आलं. चिंता कमी करतं, झोप आणतं, आकडी थांबवतं हे पाहून डॉक्टरांनी ते दारू सोडणाऱ्यांना द्यायला सुरुवात केली. १९६९ मध्ये अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या इस्पितळांत ५३७ पेशंटांवर तुलना झाली : हे औषध, दुसरी दोन शांत करणारी औषधं, थायमिन आणि नुसती साखरेची गोळी. आकडी आणि डीटी टाळण्यात क्लोरडायझेपॉक्साइड स्पष्टपणे पुढे होतं. एकेकाळी डीटी झालेल्या शंभर जणांतले तीस-पस्तीस मरत. आज वेळेवर उपचार झाले तर पाचाहून कमी.

ते का चालतं, हे तेव्हा कुणालाच सांगता येत नव्हतं. १९७७ मध्ये डेन्मार्क आणि स्वित्झर्लंडमधल्या दोन गटांना या औषधांची मेंदूतली जागा सापडली, आणि ती निघाली गाबाच्याच दारावर. औषध दार स्वतः उघडत नाही, गाबा आल्यावर ते अधिक वेळा उघडायला मदत करतं. १९८६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या संशोधकांनी दाखवलं की दारूही याच दारातून क्लोराइडचा ओघ वाढवते. आणि १९८९ मध्ये डेव्हिड लव्हिंजर आणि सहकाऱ्यांनी दुसरी बाजू पुरी केली : दारू ग्लुटामेटच्या एनएमडीए नावाच्या एका महत्त्वाच्या दाराला अडवते, आणि तेही माणसाला चढते तितक्याच प्रमाणात.

आता रस्सीखेच पुन्हा पाहा. दारू येते आणि गाबाच्या बाजूनं ओढायला लागते, वर समोरच्या संघातल्या काहींचे हात धरून ठेवते. दोर गाबाकडे सरकतो, माणूस सैल होतो, जीभ जड होते. एखाद्या लग्नापुरतं असेल तर रात्रीत सगळं पूर्ववत. पण रोज, वर्षानुवर्षं हेच झालं तर मेंदू दोर मध्यावर आणायची व्यवस्था करतो. गाबाच्या दारांची रचना बदलते, ती पूर्वीइतकी प्रतिसाद देत नाहीत. ग्लुटामेटची दारं वाढतात. पूर्वी एका पेगमध्ये चढायची, आता क्वार्टर लागते. घरच्यांना वाटतं, याला पचते. खरं तर त्याचा मेंदू त्या एका जास्तीच्या खेळाडूच्या हिशोबानं संघ बांधून बसलेला असतो.

आणि मग एका सकाळी तो खेळाडू दोर सोडून निघून जातो. समोरचा संघ सगळ्या ताकदीनं ओढतोच आहे. पुढे जी पडझड होते ती म्हणजे थरथर, घाम, धडधडणारी छाती, वाढलेला रक्तदाब, आकडी, भास. सकाळचा उतारा हात स्थिर करतो तो याच कारणानं, कारण तो खेळाडू थोड्या वेळासाठी परत येतो.

क्लोरडायझेपॉक्साइड म्हणजे डॉक्टरांनी दिलेला उतारा. ते गाबाच्या बाजूनं दोर धरतं आणि दारूसारखं काही तासांत निघून न जाता सावकाश, दिवसांच्या हिशोबानं शरीरातून जातं. तेवढ्या अवधीत मेंदू दोन्ही संघ पूर्वपदावर आणतो. यकृत खराब असलेल्यांना त्याच जातीचं, शरीरातून लवकर जाणारं औषध द्यावं लागतं. मात्र ते दुकानातून स्वतः आणून, वर दारू घेऊन खायचं औषध नव्हे. दोघं एकाच बाजूनं ओढतात, आणि दोर फारच सरकला तर श्वास थांबतो.

यातली आणखी एक गोष्ट घरच्यांना सहसा कुणी सांगत नाही. १९७८ मध्ये बॅलेंजर आणि पोस्ट या दोन मानसोपचारतज्ज्ञांनी पिणाऱ्यांच्या जुन्या नोंदी तपासून मांडलं की दारू तुटण्याचे प्रसंग जितके जास्त, तितका पुढचा प्रसंग तीव्र. पहिल्यांदा नुसती थरथर, चौथ्यांदा आकडी. चूल पेटवताना आधी काटक्या पेटवतात तसा मेंदू प्रत्येक वेळी थोडा अधिक पेटण्याजोगा होतो. दर श्रावणात अचानक सोडणं आणि गणपती गेले की परत धरणं, हे याचंच एक रूप. ‘मागच्या वर्षी सोडली तेव्हा काही झालं नव्हतं’ यात म्हणून दिलासा नाही.

ओढ का लागते, तलफ का येते, हा या गोष्टीचा वेगळा अध्याय आहे. इथे थोडक्यात. १९५४ मध्ये माँट्रियलमध्ये ओल्ड्स आणि मिल्नर यांनी उंदराच्या मेंदूत तार घातली, आणि काही जागी विजेचा हलका स्पर्श मिळावा म्हणून उंदीर कळ दाबतच राहिले. पुढे कळलं की या वाटेवर डोपामिन काम करतं. १९८८ मध्ये इटलीत सार्डिनिया बेटावर काल्यारी इथे दी कियारा आणि इम्पेरातो यांनी जाग्या, फिरत्या उंदरांत मोजून दाखवलं की दारूसह अनेक व्यसनी पदार्थ या भागात डोपामिन वाढवतात. दारूचा काही भाग शरीरातल्या अफूसारख्या द्रव्यांमार्फत तिथे पोहोचतो, म्हणून अफूची दारं अडवणारं नाल्ट्रेक्सोन तलफ कमी करतं. १९९२ च्या चाचण्यांनंतर १९९४ मध्ये अमेरिकेत त्याला दारूसाठी मान्यता मिळाली. ही औषधं पहिल्या आठवड्याची पडझड थांबवत नाहीत. त्यांचं काम नंतर सुरू होतं, महिनोन्‌महिने.

हे सगळं छापील ज्ञान झालं, पण २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदीत दारूची दुकानं एका रात्रीत बंद झाली, तेव्हा देशभर इस्पितळांत असे पेशंट वाढले. केरळ सरकारनं डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दारू देण्याचा आदेश काढला. डॉक्टरांच्या संघटनांनी विरोध केला आणि उच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली. माझ्या मते सरकारची काळजी खरी होती, उपाय चुकीचा, कारण साठ वर्षांपूर्वीचं स्वस्त औषध सरकारी इस्पितळात उपलब्ध असतं. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत दारू मिळेना म्हणून सॅनिटायझर प्यायलेल्या सात जणांचा जीव गेला. बातमी वाचून बऱ्याच जणांनी ‘इतकी काय ती हौस’ म्हटलं. रोज पिणाऱ्या माणसाचे हात तिसऱ्या दिवशी काय मागत असतात, हे इथवर वाचलेल्यांना कळलं असेल.

सोडू नका, असं मी म्हणत नाही. माळ घाला, श्रावण पाळा, मुलांची शपथ घ्या, पण रोज पिणारा माणूस असेल तर सोडण्याच्या आदल्या दिवशी डॉक्टरांकडे या. सगळ्यांना भरती करावं लागत नाही. बऱ्याच जणांना घरी, रोज तपासून, औषध कमी करत नेता येतं. पूर्वी आकडी किंवा भ्रम झालेला असेल, वय जास्त असेल, यकृताचा किंवा हृदयाचा आजार असेल, घरी लक्ष ठेवायला कुणी नसेल, तर इस्पितळच बरं. खोलीत कोंडून, हातपाय बांधून ‘उतरवायची’ ही पद्धत सटनच्या आधीच्या रक्त काढण्याइतकीच घातक.

आणि सलाईनबद्दल. अशक्त दिसतो म्हणून ‘एक ग्लुकोज लावा’ हा आग्रह आपल्याकडे फार. वेर्निकेची ती शिवणकाम करणारी बाई आठवा. थायमिन संपलेल्या शरीरात नुसतं ग्लुकोज गेलं तर ते पचवायला उरलंसुरलं थायमिनही खर्च होतं आणि डोळे, तोल, स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. म्हणून बी-१ चं इंजेक्शन आधी किंवा निदान सोबत हवं. डॉक्टरांना नुसतं विचारा, ‘बी-१ दिलंय ना?’ चांगला डॉक्टर रागावणार नाही.

कुठल्याही कारणानं भरती होताना, अगदी मोतीबिंदूसाठी असलं तरी, नर्सनं विचारलं नाही तरी तीन गोष्टी सांगा : रोज किती घेतली जाते, शेवटचा घोट कधी घेतला, आणि पूर्वी कधी बंद केली तेव्हा आकडी आली होती का.